'चूक', 'त्रुटी' की 'दोष'? : सापळ्यातल्या आयनांच्या निमित्ताने

विद्युतक्षेत्राच्या सापळ्यात धरलेले आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, वापरून गणित करणारा तो ट्रॅप्ड आयन क्वांटम काँप्युटर. प्रश्न असा आहे : 'ट्रॅप्ड आयन क्वांटम काँप्युटरमधील एरर करेक्शन' याचे मराठी 'त्रुटी सुधारणा' करावे की 'चूक दुरुस्ती'? शिवाय 'फॉल्ट' आणि 'सिंड्रोम' यांना काय म्हणावे?

एररला चूक, फॉल्टला दोष, करेक्शनला दुरुस्ती आणि सिंड्रोमला लक्षण म्हणावे, असे माझे मत आहे. 'त्रुटी'ही याच विषयात लागते, पण दुसऱ्या जागी.

मराठीत त्रुटी म्हणजे उणीव. अर्जाला दाखला जोडायचा राहिला की 'त्रुटीची पूर्तता करा' असा शेरा येतो. ज्याची पूर्तता करता येते ती त्रुटी. आता इटर्बियम-171 चा आयन पाहा. त्याच्या सुमारे 12.6 गिगाहर्ट्झ अंतरावरच्या दोन ऊर्जापातळ्यांना आपण 0 आणि 1 मानतो; असा एक आयन म्हणजे एक क्यूबिट, क्वांटम माहितीचा एक घटक. लेसरचा स्पंद (पल्स) किंचित जास्त वेळ पडला किंवा त्याची तीव्रता ढळली, तर 0 चा 1 होतो किंवा कला (फेज) उलटते. आयन मात्र जागच्या जागी असतो, त्यात काहीही उणे झालेले नसते. ही सरळसरळ चूक आहे.

खरी त्रुटी वेगळीच. निर्वात कक्षात उरलेल्या वायूचा एखादा रेणू आयनावर आदळतो आणि कधी आयन सापळ्यातून निसटून जातो. कॅल्शियम-40 च्या आयनावर 397 नॅनोमीटरचा प्रकाश टाकला की क्यूबिटच्या दोन अवस्थांपैकी एक चमकते, दुसरी काळीच राहते. जो आयन जागेवरच नाही तोही काळाच दिसतो! म्हणजे वाचन करणाऱ्याला ते एक रीतसर उत्तर वाटते. म्हणून आयन आहे की नाही याची तपासणी वेगळी करावी लागते आणि नसेल तर नवा आणून भरावा लागतो. इथे 'त्रुटी' आणि 'पूर्तता' हे दोन्ही शब्द नेमके बसतात.

'सुधारणा' मात्र टाळावी. शेतीसुधारणा, समाजसुधारणा यांत आधीपेक्षा चांगले करणे असते. लेसर अधिक स्थिर करून चुकांचे प्रमाणच खाली आणले, तर ती यंत्रातली सुधारणा. घडलेली चूक हेरून माहिती मूळ स्थितीत आणणे ही दुरुस्ती. यावर एक आक्षेप येऊ शकतो : प्रत्यक्षात पुष्कळदा आयनाला हातही लावत नाहीत, 'पाचवा उलटलेला आहे' एवढे नियंत्रक संगणकात टिपून ठेवतात आणि पुढचे वाचन तेवढे उलटे धरतात. मग दुरुस्ती कुठे झाली? याचे उत्तर पुस्तपालनात आहे. अकरावीच्या वाणिज्य शाखेत 'चुकांची दुरुस्ती' शिकवतात. तिथेही चुकीची नोंद खोडत नाहीत, दुरुस्तीची नोंद वेगळी करतात. इतका तंतोतंत जुळणारा शब्दप्रयोग घरात असताना नवा घडवायची गरज नाही. चुका दुरुस्त न करता, अनेकदा गणित चालवून उत्तरावरचा त्यांचा परिणाम आकडेमोडीने कमी करतात, त्या 'मिटिगेशन'ला 'शमन' म्हणावे. दोन्हींची सरमिसळ करू नये.

'ट्रॅप्ड'साठी 'अडकलेला' नको, त्यात चुकून अडकल्याची छटा आहे. 'सापळ्यातला आयन' सरळ आहे. स्थिर विद्युतक्षेत्र आयनाला सगळ्या बाजूंनी एकाच वेळी धरू शकत नाही, म्हणून क्षेत्र सेकंदाला कोट्यवधी वेळा आलटावे लागते. वोल्फगांग पाउल यांना 1989 च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला तो याच सापळ्यासाठी.

आता लक्षण. माहितीच्या आयनांवर थेट प्रकाश टाकून पाहिले तर त्यांची अवस्थाच मोडते. म्हणून मदतनीस आयनांकरवी, ठरावीक गटात 1 असलेल्यांची संख्या सम की विषम, एवढेच विचारतात. स्टीन या भौतिकशास्त्रज्ञाचा सात क्यूबिटांचा संकेत (कोड) घ्या; त्यात एका क्यूबिटची माहिती सात आयनांत मिळून साठवतात. आयनांना 1 ते 7 क्रमांक द्या आणि तीन गट करा : पहिला 4, 5, 6, 7; दुसरा 2, 3, 6, 7; तिसरा 1, 3, 5, 7. सम आले तर 0 लिहा, विषम आले तर 1. समजा पाचवा आयन उलटला. पहिला गट विषम, दुसरा सम, तिसरा विषम. लिहिले 101, आणि द्विमान पद्धतीत 101 म्हणजे पाच. आयनातली माहिती न पाहता चुकीची जागा कळली. वैद्य नाडी पाहून सांगतो तसे हे आहे, म्हणून 'लक्षण', आणि त्यावरून जागा ठरवणे ते 'निदान'. उलटण्यासाठी तीन आणि कलेसाठी तीन, अशा एकूण सहा तपासण्या लागतात. 2021 मध्ये हनीवेल कंपनीच्या गटाने हे चक्र दहा इटर्बियम आयनांवर, सात माहितीचे आणि तीन मदतनीस घेऊन, गणित चालू असतानाच पुन्हा पुन्हा फिरवून दाखवले.

'दोष' आणि 'चूक' वेगळे ठेवण्याचा आग्रह कशासाठी, ते याच उदाहरणात दिसते. कलेच्या तपासणीत मदतनीस आयन पहिल्या गटातल्या चौघांशी एकेक करून जोडला जातो. 4 आणि 5 झाले आणि नेमका तेव्हाच मदतनीस उलटला, तर ते उलटणे पुढे 6 आणि 7 या दोघांत उतरते. दोष एक, चुका दोन. पुढच्या फेरीत लक्षण काय येईल? सहा म्हणजे 110, सात म्हणजे 111. दोन्ही एकत्र आले की पहिल्या आणि दुसऱ्या गटात दोन-दोन उलटे, म्हणजे सम, आणि तिसऱ्यात फक्त सातवा, म्हणजे विषम. लक्षण 001. निदान निघते : पहिला आयन. त्या बिचाऱ्याला काहीही झालेले नसते. आपण त्यालाही उलटतो, आणि 1, 6, 7 असे तीन उलटले की सगळ्या तपासण्या पुन्हा सम येतात, पण साठवलेले 0 मात्र 1 झालेले असते. दुरुस्तीनेच घात केला, आणि तो कुठे दिसतही नाही. यावर उपाय म्हणून आणखी एक आयन पहाऱ्याला जोडतात. मदतनीस मधेच उलटला की तो खूण देतो आणि मग 001 चे निदान 'सहा आणि सात' असे करतात.

दोन्हींना 'त्रुटी' म्हटले तर 'एका त्रुटीतून दोन त्रुटी' असे वाक्य लिहावे लागते आणि वाचक तिथेच हरवतो. भट्टीच्या विटा ताप सोसतात, म्हणून त्यांना आपण उच्चतापसह म्हणतो. त्याच धर्तीवर 'फॉल्ट टॉलरंट'ला 'दोषसह' म्हणावे. व्याख्याही मग सुटसुटीत होते : एका दोषातून एकाच संकेतगटात (माहिती मिळून साठवणाऱ्या आयनांच्या एका संचात), निस्तरता येणार नाहीत इतक्या चुका होऊ न देणारी रचना ती दोषसह रचना.