सत्तावीस देशांचं एकच परराष्ट्र धोरण नक्की ठरतं तरी कसं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: युरोपियन युनियनमध्ये २७ सार्वभौम देश, प्रत्येकाचा परराष्ट्रमंत्री वेगळा, सैन्य वेगळं. मग ‘समान परराष्ट्र आणि सुरक्षा धोरण’ ठरवतं कोण? एखादा देश अडून बसला तर काय होतं? आणि भारतात बसून आपल्याला त्याचं काय?

मी पदव्युत्तर वर्गाला हा विषय शिकवतो. संस्थांची नावं पाठ करून तो कळत नाही, असं माझं ठाम मत आहे. मसुद्यातली कुठली ओळ कुणाला खटकते आणि ती मान्य व्हावी म्हणून त्याच्या पदरात काय टाकावं लागतं, हे बघायला लागलं की सगळं उलगडत जातं.

पार्श्वभूमी फार लांबवत नाही. १९७० पासून हे देश परराष्ट्र व्यवहारात एकमेकांशी सल्लामसलत करत होते, पण त्यात बंधन काही नव्हतं. १९९२ मध्ये मास्त्रिख्त करारावर सह्या झाल्या, पुढच्या वर्षी तो लागू झाला आणि समान धोरणाला कराराचा आधार मिळाला. तेव्हा शेजारी युगोस्लाव्हिया जळत होता आणि युरोपला तिथे जवळजवळ काहीच करता आलं नाही. ती नामुष्की पुढची अनेक वर्षं त्यांच्या मनात होती. १९९९ मध्ये हाविएर सोलाना या धोरणाचे ‘उच्च प्रतिनिधी’ झाले. २००९ अखेर लिस्बन करार लागू झाल्यावर याच पदाला युरोपियन आयोगाचं, म्हणजे युनियनच्या कार्यकारी संस्थेचं, उपाध्यक्षपदही जोडलं गेलं आणि हाताखाली स्वतंत्र राजनैतिक सेवा आली. डिसेंबर २०२४ मध्ये एस्टोनियाच्या माजी पंतप्रधान काया कालास या पदावर आल्या. वर्तमानपत्रं या पदाला ‘युरोपचे परराष्ट्रमंत्री’ म्हणतात, त्याने मात्र गल्लत होते. उच्च प्रतिनिधी प्रस्ताव मांडतात, परराष्ट्रमंत्र्यांच्या बैठकीचं अध्यक्षपद भूषवतात, समजूत घालतात. हुकूम सोडू शकत नाहीत.

खरं काम खालच्या पायऱ्यांवर होतं. ब्रसेल्समध्ये प्रत्येक देशाचे राजदूत कायम मुक्कामाला असतात. त्यांची एक ‘राजकीय आणि सुरक्षा समिती’ आहे, ती साधारण आठवड्यातून दोनदा बसते. तिच्याखाली प्रदेशवार आणि विषयवार कार्यगट असतात. परराष्ट्रमंत्री महिन्यातून एकदा जमतात तोवर बहुतेक मजकूर खालीच ठरलेला असतो. वर जातात त्या अडलेल्या मोजक्या ओळी.

आता अडण्याचं मूळ. व्यापाराच्या बाबतीत युनियन विशेष बहुमताने निर्णय घेते: किमान १५ देश आणि त्यांची मिळून ६५ टक्के लोकसंख्या. म्हणून वाटाघाटीत ती भारी पडते. परराष्ट्र आणि सुरक्षा धोरणात मात्र जवळजवळ सगळीकडे एकमत लागतं. पाच-सहा लाख वस्तीच्या माल्टाचा नकार जर्मनीच्या नकाराइतकाच वजनदार. युद्ध-शांततेचा निर्णय दुसऱ्या कुणाच्या बहुमतावर सोपवायला कुठलंच सरकार तयार नव्हतं, म्हणून करारात ही तरतूद आहे.

याचं सगळ्यांत मोठं अपयश २००३ चं. इराकवरच्या हल्ल्याला फ्रान्स आणि जर्मनीचा विरोध, तर तेव्हा सदस्य असलेला ब्रिटन, स्पेन, इटली अमेरिकेच्या बाजूने. समान धोरण उरलंच नाही, कारण समान मसुदाच शक्य नव्हता. जून २०१७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेत चीनवर टीका करणारं युनियनचं निवेदन एकट्या ग्रीसने अडवलं. त्याच्या आदल्या वर्षी ग्रीसच्याच पिरेयस बंदराचा ताबा चीनच्या सरकारी जहाज कंपनीने घेतला होता. अधिकृत कारण काहीही असो, ही दोन वाक्यं शेजारी ठेवून वाचली की पुरतं.

पण एकमताची सक्ती म्हणजे नेहमी कोंडीच, असं नाही. मे २०२२ चं उदाहरण मी वर्गात सविस्तर घेतो. रशियाच्या तेलावर बंदी घालायची होती. हंगेरी समुद्रापासून दूर आणि तिचं तेल ‘द्रुझ्बा’ नावाच्या रशियन पाइपलाइनमधून येणारं, म्हणून तिचे तेव्हाचे पंतप्रधान व्हिक्टर ऑर्बान अडले. कित्येक आठवडे खल झाला आणि ३० मेच्या रात्री नेत्यांच्या बैठकीत तोडगा निघाला: समुद्रमार्गे येणाऱ्या तेलावर बंदी, पाइपलाइनच्या तेलाला तूर्त सूट. संपलं असं वाटलं, तर राजदूतांच्या बैठकीत हंगेरीने नवा मुद्दा काढला. रशियन ऑर्थोडॉक्स चर्चचे प्रमुख किरिल यांचं नाव निर्बंधांच्या यादीतून वगळा! वगळलं. ३ जूनला निर्णय जाहीर झाला. याला कुणी लाचारी म्हणेल. मला त्यात हेही दिसतं की एका धर्मगुरूचं नाव आणि एका पाइपलाइनची सूट देऊन उरलेल्या बंदीवर २७ सह्या मिळाल्या, आणि ती सगळ्या देशांत कायदा म्हणून लागू झाली.

करारात आणखी एक वाट आहे, ती फारशी कुणाला ठाऊक नसते. एखाद्या देशाला पटत नसेल तर तो मतदानातून बाजूला राहू शकतो. निर्णय त्याला स्वतःला लागू होत नाही, पण युनियनवर तो बंधनकारक आहे हे त्याला मान्य करावं लागतं आणि त्याच्या आड येता येत नाही. २००८ मध्ये सर्बियातून फुटून निघालेल्या कोसोव्होत पोलीस आणि न्यायव्यवस्थेला मदत करणारी मोहीम पाठवायची होती. सायप्रस कोसोव्होला देश मानत नाही. तो बाजूला राहिला आणि मोहीम गेली. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनला शस्त्रांसाठी पैसा देताना ऑस्ट्रिया, आयर्लंड आणि माल्टा या तटस्थ देशांनी हेच केलं. तो पैसाही युनियनच्या अर्थसंकल्पाबाहेरच्या वेगळ्या निधीतून आला, कारण लष्करी मोहिमांचा खर्च त्या अर्थसंकल्पातून करायला करारात मनाई आहे.

कधी कधी तर दाराबाहेर जाऊनही काम होतं. १४ डिसेंबर २०२३ ला युक्रेनशी सदस्यत्वाची बोलणी सुरू करायची की नाही यावर नेते बसले होते. विषय सदस्यत्वाचा, पण अट तीच, एकमत. जर्मनीचे चॅन्सलर शोल्ट्झ यांनी सुचवलं आणि ऑर्बान खोलीबाहेर गेले. उरलेल्या २६ जणांनी ठराव संमत केला. त्याच रात्री युक्रेनसाठीची ५० अब्ज युरोंची मदत मात्र ऑर्बान यांनी अडवली; ती फेब्रुवारीत सुटली.

नकाराधिकार काढून टाका, असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. बहुमताने लादलेल्या परराष्ट्र धोरणावर छोटे देश मनापासून अंमल करणार नाहीत, आणि निर्बंधांचा सगळा जोर अंमलावर असतो. बँक खाती गोठवायची असतात ती त्यांच्याच बँकांतली, जहाजं तपासायची ती त्यांच्याच बंदरांत. मला जास्त धोक्याची वाटते ती मुदतीची अट. रशियावरचे आर्थिक निर्बंध दर सहा महिन्यांनी, ३१ जानेवारी आणि ३१ जुलैच्या आत, पुन्हा एकमताने वाढवावे लागतात. म्हणजे वर्षातून दोनदा कुणालाही पुन्हा दुकान मांडता येतं. जानेवारी २०२५ मध्ये हंगेरीने तेच केलं आणि ऊर्जा सुरक्षेबद्दलचं एक निवेदन पदरात पाडून घेऊन मग संमती दिली.

आता आपल्याकडे येऊ. १८ जुलै २०२५ चा निर्बंधांचा अठरावा संच स्लोव्हाकियाने आधी रोखून धरला होता. त्यांची तक्रार रशियन गॅस बंद करण्याच्या वेगळ्याच योजनेबद्दल होती. आयोगाकडून आश्वासनं मिळाल्यावर त्यांनी हात सोडला, आणि त्या संचात गुजरातमधल्या वाडिनारची रिफायनरी निर्बंधांखाली आली, कारण ती चालवणाऱ्या नायरा एनर्जीत रशियाच्या रोसनेफ्ट या सरकारी तेल कंपनीचा सुमारे ४९ टक्के वाटा आहे. याच कंपनीचे पंप महाराष्ट्रातही हायवेवर दिसतात. असले एकतर्फी निर्बंध आपण मानत नाही, हे भारत सरकारने लगेच स्पष्ट केलं. तरी युरोपशी संबंध असलेल्या बँका, विमा कंपन्या आणि जहाजवाले असा व्यवहार करताना हात आखडता घेतात.

समुद्रावर चित्र जरा वेगळं आहे. सोमालियाजवळच्या चाच्यांविरुद्ध युनियनची ‘अटालांटा’ नौदल मोहीम २००८ पासून आहे, आणि तांबड्या समुद्रात येमेनमधल्या हुती बंडखोरांच्या हल्ल्यांपासून जहाजांना संरक्षण देण्यासाठी फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘अस्पिडेस’ सुरू झाली. त्या हंगामात नाशिकची द्राक्षं युरोपला आफ्रिकेला वळसा घालून जात होती, भाडं आणि दिवस दोन्ही वाढले होते. मार्चमध्ये माल्टाचा झेंडा असलेलं ‘रुएन’ हे अपहृत जहाज भारतीय नौदलाने सोडवलं आणि पकडलेले ३५ चाचे मुंबई पोलिसांच्या ताब्यात दिले. जहाज बल्गेरियन मालकाचं होतं. बल्गेरियाने जाहीर आभार मानले. माझ्या मते भारत आणि युनियनचं सुरक्षा सहकार्य आधी इथेच घट्ट होईल, कारण समुद्री मार्ग सुरक्षित ठेवण्यावर २७ जणांचं एकमत व्हायला वेळ लागत नाही.