एचएमटी जनता : काय बदलावं, काय राहू द्यावं

एचएमटीचं चावीचं जुनं ‘जनता’ मनगटी घड्याळ उघडलंत की मेनस्प्रिंग, म्हणजे चावी दिल्यावर घड्याळ चालवणारी मुख्य स्प्रिंग, निःसंकोच बदला. थकलेल्या स्प्रिंगवर पूर्ण चावी दिली तरी बॅलन्सचा, म्हणजे वेळ राखणाऱ्या झुलत्या चाकाचा, झोका कमीच पडतो. काच अ‍ॅक्रिलिकची, वरवरचे ओरखडे पॉलिश पेस्टने निघतात, तडा गेला असेल तरच नवी बसवा.

डायलला मात्र हात लावू नका. पिवळटपणा, डाग चालतील. पुन्हा रंगवलेल्या डायलवर मिनिटांच्या रेघा जाड-बारीक येतात, अक्षरांच्या कडा पसरतात, आणि खरवडलेली मूळ छपाई परत येत नाही. भडक रंगांचे असे डायल बसवलेल्या घड्याळांचा मोठा बाजार आहे. ती विकणं गैर नाही. ‘ओरिजिनल’ म्हणून विकणं ही सरळ लबाडी.

केसवर क्रोमचा मुलामा असेल तर बफ मारू नका (चाकावर घासून चकाकी आणू नका), खालचं पितळ उघडं पडतं. मूव्हमेंटचा, म्हणजे आतल्या यंत्राचा, सुटा भाग हवाच असेल तर गंजून गेलेलं घड्याळ फोडा, चालतं नव्हे. भाग त्याच कॅलिबरचा (यंत्राच्या मॉडेलचा) आहे ना, हे आधी पाहा. काढलेले भाग पुडीत घालून तारीख लिहा. घड्याळ विकताना ती पुडी आणि बदलांची यादी घेणाऱ्याला द्या, त्याने विचारलं नाही तरी.