दोन ग्लासांनंतरचा अभ्यास

ताई,

तुमचं जवळजवळ सगळं पत्र नवरा आणि सासूबाई यांच्या भांडणाचं आहे. चौदा वर्षांच्या मुलाला त्याचे बाबा दर शनिवारी घरीच बिअर देतात. बाहेर चोरून पिण्यापेक्षा आपल्यासमोर शिकला तर मर्यादेत राहील, असं त्यांचं म्हणणं. सासूबाईंना ते खपत नाही. आणि तुम्ही विचारता, या दोघांमधला ताण कमी कसा करू?

मी मात्र कंसातल्या एका वाक्यापाशी अडकले. ‘तसं त्याला काही चढत नाही, दोन ग्लास घेऊनही सरळ जाऊन अभ्यासाला बसतो.’ तुम्ही हे दिलासा म्हणून लिहिलंत. मला वाचून धस्स झालं.

चढत नाही म्हणजे पचते, असं नसतं हो. झोक जाणं, जीभ जड होणं, डोळे मिटायला लागणं, हे शरीराचं ‘आता पुरे’ असतं. कोवळ्या वयात ते उशिरा येतं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत हे पुन्हा पुन्हा दिसलं आहे. मोठं जनावर जिथे पेंगायला लागतं, तिथे त्याचं अर्धवट वयातलं पिल्लू टक्क जागं असतं. पण शिकलेलं लक्षात ठेवण्याच्या कामात तेच पिल्लू मोठ्यापेक्षा जास्त मार खातं. पाय शाबूत, स्मरण पोखरलेलं. तुमचा मुलगा शनिवारी रात्री पुस्तक उघडून बसतो खरा, पण रविवारी सकाळी त्यातलं काय उरलं, हे कधी विचारलंत त्याला?

शिवाय ज्यांना कमी चढते त्यांना तोच परिणाम मिळवायला जास्त लागते, आणि पुढे व्यसन जडण्याचा धोकाही त्यांनाच अधिक. मोह आवरणारा कपाळामागचा भाग तर पंचविशीपर्यंत घडत असतो. ज्याच्या जोरावर मर्यादा पाळायची, तोच अजून कच्चा आहे! बाबांचा हेतू चांगला असेल. पण ऑस्ट्रेलियात १,९०० हून अधिक मुलांचा सहा वर्षं मागोवा घेतला गेला, त्याचे निष्कर्ष २०१८ साली छापून आले. आईवडिलांनी दिलेल्या दारूमुळे मुलं सुरक्षित राहिली, असं त्यात काहीच आढळलं नाही. उलट अशी मुलं पुढे बाहेरूनही दारू मिळवण्याची शक्यता वाढलेली दिसली.

आणि ताई, या भांडणात तुम्ही मध्यस्थ नाही. ते दोन ग्लास कोणीतरी मोजले होते, म्हणून तर पत्रात आले.

नवऱ्याला पटवत बसू नका. आज रात्री सगळे जेवायला बसाल तेव्हा मुलालाच सांगा, ‘तुला बिअर दिली, ही आमची चूक झाली. आता या घरात तुला ती मिळणार नाही.’ तो चिडेल. बाबा ओरडतील. ओरडू देत, तुम्ही वाक्य पुरं करा.

सासूबाईंच्या कानावर मात्र जेवणाआधीच घाला. इतके दिवस त्या एकट्याच बोलत होत्या.