वाचक विचारतात : अंटार्क्टिकात कयाक आणि विज्ञानाच्या नोंदी

प्रश्न : जानेवारीत आम्ही दोघं अंटार्क्टिकाच्या सफरीला निघालोय, कयाकिंगसकट. बोटीवर प्रवाशांकडून शास्त्रीय नोंदीही करून घेतात म्हणे. त्यांचा खरंच उपयोग होतो का? – पुणे

उत्तर : होतो, आणि चांगलाच होतो, फक्त नोंद नेटकी हवी. अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या खाड्यांत संशोधनाची जहाजं मोजकीच फिरतात. पर्यटक बोटी मात्र नोव्हेंबर ते मार्च त्याच त्या जागी पुन्हा पुन्हा जातात. कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स संस्थेचा ‘फ्योर्डफायटो’ हा उपक्रम यावरच उभा आहे. प्रवासी बारीक जाळीने वनस्पतिप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारी सूक्ष्म शेवाळं, गोळा करतात. हिमनदीचं वितळलेलं गोडं पाणी वाढलं की डायटम या मोठ्या शेवाळाऐवजी क्रिप्टोफाइट हे बारीक शेवाळ वाढू लागतं. ते इतकं बारीक असतं की क्रिलला, म्हणजे कोळंबीसारख्या छोट्या जिवांना, ते नीट गाळून खाता येत नाही. आणि पेंग्विनपासून व्हेलपर्यंत सगळ्यांचं पोट क्रिलवर.

कयाकमधून करण्याजोगं सर्वांत सोपं मोजमाप म्हणजे सेकी चकती : 30 सेंटिमीटर व्यासाची पांढरी चकती, खाली वजन, वर खुणांची दोरी. पाणी किती नितळ आहे ते तिच्यावरून कळतं; प्लवक वाढलं की पाणी गढूळ होतं. दोघांच्या कयाकमध्ये मागच्याने वल्ह्याने कयाक स्थिर धरायची, पुढच्याने चकती सोडायची. दिसेनाशी झाली ती खोली लिहायची, वर ओढताना पुन्हा दिसली तीही लिहायची. दोन्हींची सरासरी घ्यायची. गॉगल काढून बघा. चूक होते ती बहुधा वाऱ्यामुळे : कयाक वाहत जाते, दोरी तिरकी होते आणि खोली आहे त्याहून जास्त भरते. दोरी तिरकी दिसली तर ते माप सोडून द्या, पुन्हा घ्या. हिमनदीच्या तोंडाशी पाणी दगडाच्या पिठाने दुधाळ असतं. तिथे चकती लवकर दिसेनाशी झाली म्हणजे प्लवक जास्त, असं नव्हे. म्हणून ‘हिमनदी जवळ’ हा शेरा विसरू नका.

हंपबॅक व्हेलचा फोटो शेपटीच्या खालच्या बाजूचा हवा. तिथली काळी-पांढरी नक्षी प्रत्येक व्हेलची वेगळी असते, आणि ‘हॅपीव्हेल’ या संकेतस्थळावर ती जुन्या फोटोंशी ताडून बघतात. इथल्या बऱ्याच हंपबॅक हिवाळ्यात कोलंबिया-इक्वेडोरच्या किनाऱ्यावर जातात, त्यामुळे एकच शेपटी दोन्हीकडे सापडू शकते. पण कॅमेऱ्याचं घड्याळ भारतीय वेळेवरच राहिलं आणि बोट अर्जेंटिनाच्या वेळेवर चालत असली, तर साडेआठ तासांचा घोळ होतो. निघण्याआधी घड्याळ जुळवा. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून साधा पाठवू नका. आकार घटतो, वेळ-ठिकाणाची माहितीही गळून पडते. मूळ फाइलच द्या.

प्रश्न : कयाक उलटली तर? – नाशिक

उत्तर : पाणी 0 अंशाच्या आसपास असतं. पहिल्या मिनिटात धाप लागते, श्वास आवरत नाही. हात नीट चालतात ते साधारण 10 मिनिटं. म्हणून ड्रायसूट, म्हणजे पाणी आत न शिरू देणारा अंगभर पोशाख. आत मेरिनो लोकर किंवा फ्लीस घाला, सुती काही नको. मानेची आणि मनगटाची रबरी पट्टी अंगाला थेट चिकटली पाहिजे. घड्याळ काढा, आतल्या शर्टाची बाही पट्टीखाली येऊ देऊ नका. चेन शेवटपर्यंत ओढा आणि जोडीदाराकडून तपासून घ्या. एवढ्याशा फटीतूनही पाणी शिरतं. मग मानेची पट्टी बोटाने किंचित उघडून उकिडवं बसा, म्हणजे आतली हवा निघून जाते.

हिमनगाचा बराचसा भाग पाण्याखाली असतो आणि तो केव्हाही उलटतो. कडेला फेसासारखे बुडबुडे, तडकण्याचा आवाज, किंवा हिमनगावर पाण्याच्या पातळीच्या जुन्या रेषा तिरक्या दिसल्या तर लगेच लांब व्हा. हिमनदीच्या कड्यापासून किती लांब राहायचं ते गाइड ठरवतो. त्यात घासाघीस नको.

प्रश्न : या सफरीत आपलं ‘मैत्री’ केंद्र पाहता येईल का? – पणजी

उत्तर : नाही. मैत्री हे भारताचं संशोधन केंद्र शिर्माकर ओअॅसिस या बर्फमुक्त खडकाळ भागात, किनाऱ्यापासून सुमारे 100 किलोमीटर आत आहे आणि या द्वीपकल्पापासून हजारो किलोमीटर दूर. भारताची अंटार्क्टिक मोहीम आखणारी ध्रुवीय व महासागर संशोधन संस्था मात्र तुमच्या शेजारी, वास्कोलाच आहे.