गोळी हातात असताना थांबायचं कधी?

या वेळची चारही पत्रं नर्सिंग शिकणाऱ्यांची आहेत आणि चारही औषधांविषयीची. वॉर्डात आणि नंतर वर्गात मिळून माझी ३२ वर्षं गेली. अशी पत्रं आली की बाकीची बाजूला ठेवून मी आधी तीच उघडते.

प्रश्न : फार्माकॉलॉजीची नावं परीक्षेपुरती पाठ होतात, वॉर्डात गेलं की काहीच आठवत नाही. ड्रग चार्ट हातात घ्यायची भीती वाटते. काय करू?

सुटी सुटी नावं घोकू नकोस, नावांच्या शेपट्या बघ. एनालाप्रिल, रामिप्रिल यांच्या शेवटी 'प्रिल' आहे. ही बीपीची औषधं, यांनी कोरडा खोकला येऊ शकतो आणि रक्तातलं पोटॅशियम वाढू शकतं. अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल यांच्या शेवटी 'लॉल' येतं. ही नाडी मंद करतात, दम्याच्या पेशंटला त्रास देऊ शकतात. अशी आठ-दहा घराणी ओळखीची झाली की निम्मं ओझं उतरतं.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. वहीत प्रत्येक औषधासमोर एक ओळ लाल शाईने लिही : 'हे कधी द्यायचं नाही?' औषध कशासाठी आहे ते सगळ्या मुली सांगतात. ते कधी रोखायचं, हे विचारलं की वर्ग गप्प होतो. आणि पेशंटच्या खाटेशी उपयोगी पडतं ते हेच ज्ञान.

मी शिकत होते तेव्हाची गोष्ट सांगते. एक आजोबा होते, हृदयाचं काम मंदावलेले. चार्टवर डिगॉक्सिन ०.२५ मिग्रॅ, सकाळची गोळी. मी चार्ट वाचला, स्ट्रिप वाचली, मनगटावरची पट्टी वाचली. सगळं जुळत होतं. गोळी वाटीत टाकली. आजोबांनी नाश्त्याला हात लावला नव्हता, मळमळतंय म्हणत होते. गोळी पुढे केली तर म्हणाले, "सिस्टर, आज भिंती पिवळ्या का दिसतायत?" वयामुळे नजर गेली असेल, असं मला वाटलं. मागे उभ्या असलेल्या स्टाफ सिस्टरनी एक शब्द न बोलता माझ्या हातातली वाटी काढून घेतली. स्टेथोस्कोप छातीला लावला आणि घड्याळाकडे बघत पूर्ण १ मिनिट ठोके मोजले. ४८ भरले.

मळमळ, अन्नावरची वासना उडणं, सगळं पिवळसर दिसणं, मंद नाडी, ही डिगॉक्सिन अंगात जास्त झाल्याची लक्षणं. त्यांना लघवीसाठी फ्रुसेमाइडही चालू होतं. त्याने पोटॅशियम उतरतं, आणि पोटॅशियम उतरलं की डिगॉक्सिनचा विषारी परिणाम वाढतो. डॉक्टरांना कळवलं, गोळी थांबली, रक्त तपासणीला गेलं. माझ्याकडून एकही 'वाचायची' चूक झाली नव्हती, आणि तरीही मी ती गोळी देणार होते.

म्हणून डिगॉक्सिनसमोर लिही : आधी छातीवर ठोके, पूर्ण मिनिट, मोठ्या माणसात ६० च्या खाली असतील तर रोखून ठेव आणि कळव. मनगटावर मोजू नकोस, कारण ठोके अनियमित असले की काही ठोके मनगटापर्यंत पोचतच नाहीत. मॉर्फिनसमोर लिही : आधी श्वास मोज, मिनिटाला १२ च्या खाली असेल तर थांब. मॅग्नेशियम सल्फेटसमोर : गुडघ्याखाली हलकं ठोकल्यावर पाय उडेनासा झाला असेल तर पुढचा डोस नाही, उतारा कॅल्शियम ग्लुकोनेट. अशा वीस ओळी झाल्या की चार्टची भीती आपोआप कमी होईल, कारण काय बघायचं ते तुला ठाऊक असेल.

प्रश्न : डोसचं गणित येतं, पण ड्यूटीवर घाईत दशांश चिन्ह चुकतं. उपाय आहे का?

सूत्र मांडायच्या आधी अंदाज कर. ऑर्डर जेंटामायसिन ६० मिग्रॅ, वायलमध्ये, म्हणजे इंजेक्शनच्या छोट्या बाटलीत, २ मिलीत ८० मिग्रॅ. ६० हे ८० पेक्षा कमी, म्हणजे उत्तर २ मिलीच्या आत यायला हवं. मग गणित : ६० भागिले ८०, गुणिले २, म्हणजे १.५ मिली. उत्तर १५ आलं तर अंदाजच तुला अडवेल. लिहिताना '.५' असं कधी लिहू नकोस, '०.५' लिही. '१.०' पण लिहू नकोस, टिंब पुसट झालं की त्याचे १० होतात.

इन्सुलिनला मात्र दुप्पट लक्ष दे. लाल टोपीची सिरिंज मिलीला ४० युनिट असलेल्या वायलसाठी, नारिंगी टोपीची १०० च्या. १०० च्या वायलमधून लाल टोपीच्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत भरलंस तर पेशंटला ५० युनिट जातील. त्यामुळे वायलवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा शेजारी धरून बघ, आणि दुसऱ्या सिस्टरला दाखवल्याशिवाय टोचू नकोस.

प्रश्न : सीनियर भरलेली सिरिंज हातात देतात, "पाच नंबरला देऊन ये" म्हणतात. नाही कसं म्हणू?

नाही म्हण. जी भरते तीच देते आणि तीच सही करते. पोटॅशियम क्लोराइडची १० मिलीची अ‍ॅम्प्युल आणि इंजेक्शनच्या पाण्याची अ‍ॅम्प्युल हातात घेऊन बघ. दोन्ही रंगहीन, सिरिंजमध्ये गेल्यावर फरक राहत नाही. ते पोटॅशियम सलाईनमध्ये मिसळून सावकाशच द्यायचं असतं. थेट शिरेत ढकललं तर हृदय बंद पडतं. भांडायची गरज नाही. एवढंच म्हण, "सिस्टर, वायल दाखवा ना, मी वाचून माझी भरून घेते." पहिल्यांदा रागावतील, रागावू देत.

आणखी एक : नंबरवर औषध देऊ नकोस, खाटा बदलतात. "तुम्हीच शांताबाई ना?" असंही विचारू नकोस, गुंगीतला माणूस कशालाही हो म्हणतो. "तुमचं पूर्ण नाव सांगा" म्हण आणि पट्टीशी ताडून बघ.

प्रश्न : नाकातल्या नळीतून देताना सगळ्या गोळ्या कुटून दिल्या तर चालतं का?

नाही. नावापुढे 'एसआर' किंवा 'एक्सआर' असेल तर ती गोळी हळूहळू विरघळायला बनवलेली असते. कुटली की बारा किंवा चोवीस तासांचा डोस एकदम अंगात जातो. पोटात विरघळू नये म्हणून वेष्टण दिलेली गोळीही कुटायची नाही. फार्मासिस्टला विचार, बऱ्याच औषधांचं सिरप मिळतं किंवा डॉक्टर पर्यायी औषध लिहून देतात. आणि सगळी औषधं एकत्र कालवू नकोस. एकेक दे, मध्ये थोडं पाणी सोड, नाहीतर नळी तुंबते.