वाचकांचे प्रश्न : २६५ आणि ३०० अश्वशक्तीतील अंतर

प्रश्न : आमच्या शेजारी एका वृद्ध गृहस्थांकडे १९६२ सालची ३.८ लिटरची जॅग्वार ई-टाइप कूपे आहे आणि माझ्या भावाने नुकतीच चार सिलिंडरची, २ लिटरची जॅग्वार एफ-टाइप कूपे घेतली आहे. कागदावर जुनीची शक्ती २६५ अश्वशक्ती, नवीची ३००. शिवाय जुनी सुमारे पावणेतीनशे किलोंनी हलकी. वजनाच्या हिशेबाने पाहिले तर जुनीच वरचढ ठरते. मग नवी गाडी एवढी पुढे कशी निघून जाते?
— एक वाचक, लेस्टर

उत्तर : आपला हिशेब बरोबर आहे, चुकले आहे ते माप. त्या काळी इंजिन गाडीबाहेर काढून, पंखा, डायनॅमो, सायलेन्सर असा कोणताही भार न लावता त्याची शक्ती मोजण्याची आणि तोच आकडा माहितीपत्रकात छापण्याची पद्धत होती. आजचा आकडा इंजिन गाडीत असते त्याच अवस्थेत, हे सारे भार धरून काढलेला असतो. त्यामुळे २६५ आणि ३०० हे एकाच तराजूतले आकडे नव्हेत. प्रत्यक्षात ई-टाइपची शक्ती बरीच कमी भरते. ताशी १५० मैलांच्या गाजलेल्या वेगाचेही तसेच. १९६१ साली चाचणीसाठी पत्रकारांच्या हाती दिलेल्या गाड्या विशेष निगुतीने तयार केलेल्या होत्या आणि सामान्य गिऱ्हाइकाची गाडी सहसा त्या आकड्याच्या अलीकडेच थांबत असे.

दुसरे कारण आकड्यांत नव्हे, तर शक्ती केव्हा मिळते यात आहे. ई-टाइपचे सहा सिलिंडरचे इंजिन आपला पूर्ण पीळ, म्हणजे टॉर्क, मिनिटाला ४००० फेऱ्यांच्या आसपास देते. एफ-टाइपचे इंजिन टर्बोचार्जरमुळे, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्यामुळे, ४०० न्यूटन-मीटरचा पीळ १५०० फेऱ्यांपासूनच देऊ लागते आणि आठ गिअरचा स्वयंचलित गिअरबॉक्स त्याला तेथून खाली घसरू देत नाही. ई-टाइपला गिअर चारच, आणि ३.८ लिटरच्या गाडीत पहिल्या गिअरला सिंक्रोमेश, म्हणजे गिअर बदलताना दात्यांचे वेग आपोआप जुळवणारी योजना, नाही. चालत्या गाडीत तो गिअर घालायचा तर क्लच दोनदा दाबून इंजिनाचा वेग जुळवावा लागतो. शेजारच्या आजोबांना हे सरावाने जमत असेल, पण त्यात जाणारा वेळ घड्याळ मोजतेच. साठ मैलांचा वेग गाठायला ई-टाइपला सुमारे ७ सेकंद लागत, तर एफ-टाइप ताशी १०० किलोमीटरवर, म्हणजे बासष्ट मैलांवर, ५.७ सेकंदांत पोहोचते.

वळणावर आणि ब्रेक दाबताना हे अंतर आणखी वाढते. ई-टाइपच्या चारही चाकांना डिस्क ब्रेक आणि मागे स्वतंत्र सस्पेन्शन असणे ही त्या काळी मोठी गोष्ट होती. परंतु मागच्या डिस्क चाकांजवळ नसून आत, डिफरन्शियलला, म्हणजे दोन्ही मागच्या चाकांना शक्ती वाटून देणाऱ्या मधल्या पेटीला, लागून बसवलेल्या आहेत. त्याने चाकांचे वजन घटते, मात्र उष्णता तेथेच कोंडते आणि दुरुस्ती करणारा वैतागतो. टायर तर आजच्या साध्या कुटुंबाच्या गाडीपेक्षाही अरुंद. दोन्ही गाड्या एकमेकींशेजारी उभ्या करून पाहा : लांबी जवळजवळ सारखीच, पण नवी सुमारे पाव मीटर अधिक रुंद आहे. तिचे जादा वजन याच रुंदीत, अपघातात प्रवाशाला वाचवणाऱ्या सांगाड्यात आणि एअरबॅगमध्ये गेले आहे. माझ्या मते ते सत्कारणी लागले आहे, मग जॅग्वारचे रचनाकार माल्कम सेयर यांनी आखलेली जुनीची रेषा कितीही देखणी असो.

प्रश्न : जॅग्वार टाटांची आहे, तर एफ-टाइप पुण्यात तयार होत असे का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही. टाटा मोटर्सने २००८ साली जॅग्वार विकत घेतली, तरी एफ-टाइप बर्मिंगहॅमजवळच्या कॅसल ब्रॉमविच कारखान्यातच तयार होई आणि भारतात पूर्ण बांधणी होऊनच येई. तिचे उत्पादन २०२४ साली थांबले.