दसरा-दिवाळीच्या दिवसांत वाचायला, फार रक्तपात नसलेल्या निवांत रहस्यकथा कोणत्या?

पहिलं नाव सत्यजित राय यांच्या फेलुदा या बंगाली गुप्तहेराचं, त्यातही ‘कैलाशे केलेंकारी’. आपल्याच मुलखातली गोष्ट आहे! भुवनेश्वरच्या राजाराणी मंदिरातून यक्षीचं शिर चोरीला जातं आणि माग काढत फेलुदा औरंगाबादला, तिथून वेरूळला येतो. शाळेच्या सहलीत सोळाव्या लेण्यात डबा खाल्लेल्या माणसाला ती वाचताना जी मजा येते, ती पुण्या-मुंबईवाल्यांना काय कळणार. फेलुदाच्या कथा अशोक जैन यांनी मराठीत आणल्यात, त्यामुळे बंगालीचं अडत नाही.

इंग्रजी चालत असेल तर अगाथा ख्रिस्तीची ‘द मर्डर अ‍ॅट द व्हिकारेज’ (1930), गुन्ह्यांचा छडा लावणाऱ्या म्हाताऱ्या मिस मार्पलची पहिली कादंबरी. खून होतो, पण खरी गंमत गावातल्या चहाटळ बायकांची. आमच्या परभणीच्या गल्लीतही ओट्यावर लसूण सोलत कुणाकडं कोण आलं याची नोंद ठेवणाऱ्या दोन मावश्या आहेत, त्याच आठवतात.

तिचीच ‘हॅलोविन पार्टी’ (1969) ऐन शरदातली, पण बळी लहान मुलगी आहे, म्हणून जरा जड जाते.

दुपारी मात्र नका वाचू. ऑक्टोबरचं ऊन आणि सोयाबीनच्या मळणीचा धुरळा, त्यात कसलं निवांत! कोजागिरीला गच्चीवर दूध आटेस्तोवर चाळीस पानं सहज होतात.